शिकवी तो शिके : एग्मोरच्या वाळूपासून उजळणीच्या पडद्यापर्यंत

(स्मृतिव्याख्यानमालेत एग्मोर, चेन्नई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायला मिळाले, हा मी माझा सन्मान समजतो. संयोजकांनी मला आजचा विषय दिला आहे. मुलांची उजळणी करून घेणारी संकेतस्थळे, आणि ज्यांची आठवण निघाली की तिशी-चाळिशीतली माणसेही हळवी होतात ते संगणकावरचे शिकण्याचे खेळ. विषय आजचा खरा, पण आपण तो कुठे बसून बोलतो आहोत? एग्मोरमध्ये. तमिळ माणसाच्या तोंडी एळुंबूरमध्ये. आणि उजळणीची गोष्ट एग्मोरमध्ये निघाली की सव्वादोनशे वर्षे मागे जावेच लागते. कारण जगभरातल्या हजारो शाळांची रीत बदलून टाकणारा एक प्रयोग याच परिसरात झाला. शाळेच्या इतिहासात त्याचे नावच ‘मद्रास पद्धत’ असे पडले.

मी चार गोष्टी सांगणार आहे. एग्मोरमध्ये काय घडले, ही पहिली. उजळणी करताना डोक्यात नेमके काय होते, ही दुसरी. खेळ केव्हा शिकवतो आणि केव्हा नुसता गुंतवून ठेवतो, ही तिसरी. ही साधने कोणाच्या मालकीची आणि ती टिकायची कशी, ही चौथी. चारही गोष्टींतून मला म्हणायचे आहे ते एकच, आणि ते आधीच सांगून टाकतो. जे मूल दुसऱ्याला शिकवते, त्याची उजळणी खरी. पाटी असो, पुस्तक असो की पडदा असो, ते साधन मुलाला शिकवायची संधी देते की नाही, यावरच त्याची किंमत ठरवायची.

आता पहिली गोष्ट.

अँड्र्यू बेल हा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावचा पाद्री १७८७ मध्ये मद्रासला आला. १७८९ मध्ये एग्मोरला मुलग्यांसाठी एक अनाथाश्रम निघाला. मेल असायलम असे त्याचे नाव. कंपनी सरकारच्या फौजेतल्या युरोपीय शिपायांची ही मुले, त्यांतल्या बहुतेकांच्या आया इथल्या. बाप लढाईत गेलेला किंवा मुलाला सोडून मायदेशी परतलेला. बेल या आश्रमाचा प्रमुख झाला आणि या कामाचा पगार त्याने घेतला नाही. पण आश्रमातले शिक्षक जुन्या वळणाचे होते. नवे काही करायला ते तयार नव्हते, आणि लहान मुले अक्षरओळखीपाशीच महिनोन् महिने अडकून पडत होती.

एके दिवशी सकाळी घोड्यावरून फेरी मारताना बेलला एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसली होती. पुढ्यात वाळू पसरलेली होती आणि मुले बोटाने तीत अक्षरे काढत होती. काढायची, मोडायची, पुन्हा काढायची. बेल आश्रमात परतला आणि त्याने शिक्षकाला सांगितले, आपल्याकडेही असेच शिकवा. शिक्षक म्हणाला, हे होणार नाही. आता बेलने काय करावे? त्याने शिक्षकाचा नाद सोडला आणि आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्किन नावाच्या मुलाला सगळ्यांत खालच्या वर्गावर नेमले. मोठ्यांना जे अशक्य वाटले, ते आठ वर्षांच्या मुलाने करून दाखवले. मग एकामागून एक वर्ग मुलांच्या हाती गेले. वर्गाच्या जोड्या पडल्या. ज्याला येते तो शिकवणारा, शेजारचा शिकणारा. धडे लहान झाले. छडी जवळजवळ बंद झाली. कोणी चूक केली तर त्याची सुनावणी मुलांचेच पंच करू लागले. बेल १७९६ मध्ये मायदेशी परतला आणि पुढच्याच वर्षी त्याने या प्रयोगाचा वृत्तांत लंडनमध्ये छापला. १८३२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळांची संख्या १२,००० च्या पुढे गेली होती, असे सांगतात. सेंट अँड्र्यूजमध्ये त्याच्या पैशातून उभी राहिलेली शाळा आजही ‘मद्रास कॉलेज’ म्हणूनच ओळखली जाते. स्कॉटलंडच्या समुद्रकाठी मद्रासच्या नावाची शाळा आहे आणि तिचे मूळ आपण बसलो आहोत त्या एग्मोरमध्ये आहे.

पण हे मूळ बेलचे होते का? वाळू कोणाची होती? रीत कोणाची होती?

१६२३ मध्ये पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा इटालियन प्रवासी गोव्याच्या पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या नायकाकडे निघाला होता. वाटेत एका देवळाच्या ओसरीत त्याला चार मुले अंकगणित शिकताना दिसली. जमिनीवर बारीक वाळू, तीवर बोटाने आकडे, आणि तोंडाने सुरात पाठ चाललेला. जवळ शिक्षक कोणी नव्हता. कोणी विसरले की बाकीचे सांगत, कोणी चुकले की बाकीचे दुरुस्त करत. त्याला याचे फार कौतुक वाटले आणि त्याने ते लिहून ठेवले. म्हणजे बेलच्या आधी पावणेदोनशे वर्षे ही रीत आपल्या घाटमाथ्यावर चालत होती.

आणि महाराष्ट्राला तरी ती कुठे नवी होती? पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. मोठा विद्यार्थी लहानांना अक्षरे गिरवायला लावी. दिवेलागणीला परवचा होई. बे एके बेपासून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीपर्यंत एक मुलगा पुढे म्हणे आणि बाकीचे मागून म्हणत. पुढे म्हणणाऱ्याला चुकून चालत नसे, म्हणून पुढे म्हणणाऱ्याचे पाढे सगळ्यांत पक्के असत. हे लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.

या रीतीबद्दलची एक फार महत्त्वाची साक्ष इथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहे. एग्मोर स्थानकासमोर तामिळनाडूचे पुराभिलेखागार आहे. १८२२ मध्ये मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने प्रत्येक जिल्ह्याच्या कलेक्टरकडून देशी शाळांची माहिती मागवली. १८२६ मध्ये बेरीज झाली ती अशी : सव्वा कोटीच्या वर वस्तीत १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी. त्या कागदांत बळ्ळारीचा कलेक्टर कॅम्पबेल याचा १८२३ चा अहवाल आहे. तो लिहितो, पुढे गेलेला विद्यार्थी मागच्याला शिकवतो आणि शिकवता शिकवता त्याचे स्वतःचे ज्ञान पक्के होते. ही रीत वाखाणण्याजोगी आहे आणि इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच केले, असेही तो म्हणतो. उजळणी या विषयावर इतके नेमके वाक्य मी दुसरीकडे वाचलेले नाही. हे कागद शोधून, उतरवून घेऊन जगापुढे मांडले ते धरमपाल यांनी, १९८३ मध्ये ‘द ब्यूटिफुल ट्री’ या ग्रंथात. आणि धरमपाल आयुष्याच्या अखेरीस राहिले कुठे? आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामला. एग्मोर आणि महाराष्ट्र यांच्यातला हा धागा मला मोलाचा वाटतो.

दुसरा धागा तंजावरचा. बेल एग्मोरमध्ये होता त्याच काळात, १७९३ नंतर, तंजावरचे तरुण राजपुत्र सरफोजी मद्रासमध्ये शिकत होते. इथून जवळच्याच वेपेरीचे मिशनरी गेरिके हे त्यांचे शिक्षक. १७९८ मध्ये सरफोजी महाराज गादीवर आले आणि त्यांनी काय केले? शाळा काढल्या, ग्रंथालय वाढवले आणि देवनागरी छापखाना उभारला. १८०६ मध्ये त्या छापखान्यात इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले, ‘बालबोध मुक्तावली’. मराठी मुलाच्या हाती छापील गोष्ट पडली ती पुण्या-मुंबईच्या आधी कावेरीकाठी पडली. नव्या यंत्रावर मराठी मुलाचा हक्क आहे, हे सरफोजी महाराजांना तेव्हा कळले होते. पुढे मुंबईतही, १८२२ मध्ये निघालेल्या शाळा आणि शाळापुस्तकांच्या मंडळीने, बापू छत्रे यांच्यासारखे ग्रंथकार हाताशी धरून मराठी पाठ्यपुस्तके तयार करवली, आणि शाळा चालवायला पद्धत स्वीकारली ती बेल आणि लंडनमध्ये तशीच पद्धत चालवणारा जोसेफ लँकेस्टर यांची. आपल्या ओसरीवरून गेलेली रीत विलायतेहून छापील होऊन आपल्याकडे परत आली.

इतके सांगून एक गोष्ट दडवली तर तो अप्रामाणिकपणा होईल. त्या जुन्या शाळांच्या ओसरीवर मुली फार थोड्या होत्या, आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांची मुले जवळजवळ नव्हतीच. ती दारे उघडायला १८४८ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांना शेणमाती झेलावी लागली. रीत चांगली होती, पण तिचा लाभ सगळ्यांना नव्हता. आजच्या साधनांबद्दल बोलतानाही हा प्रश्न सोडता येणार नाही.

आता दुसरी गोष्ट. उजळणी म्हणजे काय?

परीक्षा जवळ आली की घरोघरी काय दिसते? मूल पुस्तक उघडते, पिवळ्या पेनने रेघा मारते आणि तेच पान पुन्हा वाचते. तिसऱ्यांदा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि मूल म्हणते, झाला अभ्यास. खरेच झाला का? ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाटेत दिसलेला माणूस ओळखीचा वाटतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, हा अनुभव आपल्या सगळ्यांना आहे.

१८८५ मध्ये हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि काही वेळाने किती उरले ते पाहायचे. त्याला आढळले की विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते आणि मग मंदावते. हेही आढळले की एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून घोकले तर कमी श्रमात जास्त टिकते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांचे दोन प्रकारे शिकणे तपासले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणजे मेहनत आठवण्यात घ्यायची. पुस्तक मिटायचे, आठवायचे, अडखळायचे, मग उघडून पाहायचे.

आता परवचा आठवा. पुस्तक समोर नाही. रोज ठरलेल्या वेळी. रात्र मध्ये जाऊ देऊन पुन्हा. पुढे म्हणणाऱ्याला आठवावे लागते, आणि चुकले की दहा तोंडे लगेच दुरुस्त करतात. एबिंगहाउसने सांगितलेले अंतर त्यात आहे, रोडिगर-कार्पिके यांनी सांगितलेले आठवणे त्यात आहे. आपल्या आजोबांना हे अभ्यास ठाऊक नव्हते, पण त्यांच्या संध्याकाळीत ते मुरलेले होते.

आणि वाळूत काय होते? चूक स्वस्त होती. बोटाने पुसली की संपली. लाल शाईचा शेरा नाही, खाडाखोड नाही, वही खराब झाल्याची भीती नाही. ज्याला चुकायची भीती वाटत नाही, तो पुन्हा पुन्हा करून पाहतो. उजळणीच्या कोणत्याही संकेतस्थळाचा पहिला गुण मी हाच मानतो. ब्रिटनच्या बीबीसीने १९९८ मध्ये ‘बाइटसाइझ’ नावाने परीक्षेच्या उजळणीचे संकेतस्थळ काढले. लहान लहान घास, प्रत्येकाच्या शेवटी प्रश्न, उत्तर चुकले तर लगेच खुलासा. २००४ मध्ये सलमान खान या तरुणाने अमेरिकेत आपल्या दूर राहणाऱ्या मामे-चुलत भावंडांना गणित शिकवायला सुरुवात केली, त्यातून पुढे खान अकॅडमी उभी राहिली. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो, आणि तेच दहा वेळा विचारले म्हणून कोणी रागावत नाही. आपल्या चेन्नईच्या आयआयटीने २००३ पासून इतर संस्थांच्या साथीने एनपीटेल हे ऑनलाइन व्याख्यानांचे दालन चालवले आहे. तिथली व्याख्याने लहान गावातल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात किती पाहिली असतील! एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याला या साधनांनी फार मोठा आधार दिला आहे. त्यांना नावे ठेवायला मी इथे उभा नाही.

पण त्यांत एक उणीव आहे. व्हिडिओ शिकवतो आणि मूल ऐकते. प्रश्नसंच विचारतो आणि मूल उत्तर देते. शिकवायची खुर्ची मुलाला मिळतच नाही. एग्मोरच्या फ्रिस्किनला जी जागा मिळाली, ती बहुतेक संकेतस्थळांवर रिकामी आहे.

तिसरी गोष्ट खेळांची.

इथे बसलेल्यांपैकी ज्यांची शाळा १९९० च्या आसपास झाली, त्यांनी डोळे मिटून शाळेतली संगणकाची खोली आठवावी. चपला बाहेर काढायच्या. एका संगणकावर तीन मुले. पडद्यावर एक छोटे त्रिकोणी कासव. त्याला सांगायचे, पन्नास पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ. चारदा सांगितले की चौकोन. हा खेळ ज्या लोगो नावाच्या संगणकभाषेत चाले, ती १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली होती. पॅपर्ट यांचे म्हणणे साधे होते. संगणकाने मुलाला हाकू नये, मुलाने संगणकाला शिकवावे. चौकोन तुम्हाला येतो, पण कासवाला येत नाही. त्याला शिकवायला गेलात की कळते, आपल्यालाही पुरता येत नव्हता. वर्तुळ काढायला सांगितले तर? मग दोन मुले भांडतात, तिसरे उठून फरशीवर स्वतः चालून पाहते, एक पाऊल पुढे आणि थोडेसे वळण, एक पाऊल पुढे आणि थोडेसे वळण. ज्या मुलाने वर्तुळ असे पायाने चालून काढले, ते मूल ते विसरणार कसे?

त्याच सुमारास, १९७१ मध्ये, अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये डॉन रॉविच या इतिहासाच्या होतकरू शिक्षकाने दोन मित्रांच्या मदतीने ‘ऑरेगन ट्रेल’ हा खेळ वर्गासाठी बनवला. बैलगाडीतून खंड ओलांडायचा. अन्न किती घ्यायचे, औषध किती, नदी कुठे ओलांडायची. चुकीचा निर्णय घेतला की प्रवास तिथेच संपायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुलांना सनावळ्या पाठ झाल्या असतील नसतील, पण स्थलांतर करणाऱ्या माणसाला कशाकशाचा हिशेब ठेवावा लागतो, हे त्यांना समजले.

आपल्याकडे संगणक नव्हता तेव्हाही असे खेळ होतेच. नाव-गाव-फळ-फूल खेळताना भूगोल आणि शब्दसंपत्तीची उजळणी होई. गावांच्या भेंड्या खेळताना नकाशा डोळ्यांपुढे उभा राही. हे खेळ आठवून आपण हळवे होतो ते का? लहानपण गेले म्हणून, हे तर आहेच. पण मला वाटते, त्या खेळांत आपण कर्ते होतो, आणि शेजारी कोणीतरी बसलेले होते. त्याला सांगायचे होते, त्याच्याशी वाद घालायचा होता, त्याच्याकडून ऐकायचे होते. आठवण राहिली ती पडद्यापेक्षा त्या तीन डोक्यांच्या गर्दीची.

मग प्रत्येक खेळ शिकवतो का? नाही. आणि याचाही धडा बेलच्याच काळात मिळाला आहे. लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टरने जवळजवळ अशीच पद्धत चालवली. एक शिक्षक आणि त्याच्या हाताखाली शेकडो मुले. त्याने बिल्ले काढले, तिकिटे काढली, चांदीची पदके काढली. तिकिटे साठली की बक्षीस. चुकणाऱ्याला टोपलीत घालून छताला टांगायची शिक्षाही होती. आज मोबाइलवरच्या शिकण्याच्या ॲपमध्ये काय असते? गुण, बिल्ले, सलग किती दिवस आलात याची मोजणी, आणि एक दिवस चुकला की सगळी साखळी तुटल्याची धास्ती. दोनशे वर्षांत रंग बदलले, बिल्ले तेच राहिले. बिल्ल्यासाठी शिकणारे मूल बिल्ला मिळाला की थांबते.

मद्रास पद्धत पुढे का मागे पडली, हेही नीट पाहिले पाहिजे. ती स्वस्त होती, म्हणून राज्यकर्त्यांना आवडली. एका शिक्षकाच्या पगारात पाचशे मुले शिकतात म्हटल्यावर शिक्षक नेमतो कोण? शिकवणारी मुले हळूहळू हुकूम सोडणारे नाईक झाली. प्रश्न ठरलेले, उत्तरे ठरलेली, अर्थ कोणी विचारायचा नाही. १८४६ मध्ये इंग्लंड सरकारने मोठ्या विद्यार्थ्यांना पगार देऊन रीतसर शिक्षक घडवण्याची योजना सुरू केली आणि जुनी पद्धत ओसरली. एग्मोरमध्ये जे मूल दुसऱ्याला समजावून सांगत होते, ते लंडनमध्ये दुसऱ्याकडून घोकून घेऊ लागले होते. आज जेव्हा कोणी म्हणतो, ॲप आहे ना, मग शिक्षकाची काय गरज, तेव्हा मला लँकेस्टरची शाळा दिसते. साधन शिक्षकाला मोकळीक देण्यासाठी असते. त्याच्या जागी साधन बसवले की उजळणीचे नुसते घोकणे होते.

मुलाला शिकवणारा बनवणारा खेळ आज करता येतो का? येतो, आणि झालाही आहे. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गौतम बिस्वास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बेटीज ब्रेन’ नावाची रचना तयार केली. बेटी ही संगणकातली मुलगी. तिला काहीच येत नाही. नदीतले मासे, शेवाळ, प्राणवायू यांचे नाते मुलांनी तिला शिकवायचे, मग बेटी परीक्षा देणार. बेटी नापास झाली की मुले स्वतः पुस्तक उघडतात, कारण तिला चुकीचे शिकवले कोणी? आपणच. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की स्वतःसाठी शिकणाऱ्या मुलांपेक्षा अशा ‘विद्यार्थिनी’साठी शिकणारी मुले अभ्यासाला जास्त वेळ देतात आणि जास्त शिकतात. कॅम्पबेल कलेक्टरने १८२३ मध्ये लिहिलेली गोष्ट संगणकाच्या प्रयोगाने पुन्हा सिद्ध केली.

आता चौथी आणि शेवटची गोष्ट. ही साधने कोणाची?

बीबीसीने ‘जॅम’ नावाचे मुलांसाठीचे मोफत शैक्षणिक दालन काढले होते. खाजगी कंपन्यांनी तक्रारी केल्या आणि मार्च २००७ मध्ये ते बंद पडले. सार्वजनिक पैशातून तयार झालेले धडे मुलांच्या हातून निघून गेले. दुसरे उदाहरण तुमच्या-आमच्या ओळखीचे आहे. पंधरा-वीस वर्षे शिकण्याचे असंख्य छोटे खेळ फ्लॅश नावाच्या तंत्रावर चालत होते. ३१ डिसेंबर २०२० ला त्या तंत्राचा आधार काढून घेतला गेला आणि काही दिवसांतच ते खेळ ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. काही हौशी माणसांनी आणि इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्थांनी त्यांतले पुष्कळ वाचवले, म्हणून आज ते पाहता तरी येतात. पण एखाद्या शिक्षकाने रात्री जागून आपल्या वर्गासाठी बनवलेला मराठी खेळ कोणी वाचवला? छापील पुस्तक ग्रंथालयात राहते. सरफोजी महाराजांच्या काळची पोथी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहे. मग वीस वर्षांपूर्वीचा खेळ का राहू नये?

मराठीत चांगले काम झालेले नाही असे नाही. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके आज कोणालाही मोफत उतरवून घेता येतात. १९७१ पासूनचे ‘किशोर’ मासिकाचे अंक संकेतस्थळावर वाचायला खुले आहेत. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली आणि हजारो पुस्तके जगापुढे मोफत ठेवली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड आणले आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. शिकवणाऱ्याने आपल्याजवळचे वाटायचे असते, हेच त्यातून दिसले.

तरीही वाचायला पुष्कळ आणि करायला थोडे, अशी मराठी मुलाची स्थिती आहे. पुस्तक पडद्यावर आले, पण ते पुस्तकच राहिले. अपूर्णांक कोणाला तरी समजावून सांगायला लावणारा, संधी-समासावरून वाद घालायला लावणारा मराठी खेळ शोधायला बसा, किती मिळतात पाहा. आणि या शहरातल्या तंजावरी मराठी घरांचे काय? घरात मराठी बोलतात, पण पुष्कळ मुलांना देवनागरी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी अक्षरापासून सुरुवात करणारे, खेळत शिकवणारे काही हवे की नको?

करोनाच्या काळात शाळा बंद पडल्या तेव्हा पडद्याची मर्यादा उघडी पडली. घरात एकच मोबाइल, तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. संध्याकाळी आला तर आधी भावाच्या हातात, मग बहिणीच्या. फुल्यांनी उघडलेले दार असे नकळत पुन्हा लोटले जाते. त्यावर या राज्याने काय केले? ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘इल्लम तेडी कल्वी’ सुरू केले, म्हणजे शिक्षण घराच्या दारी. सुमारे २ लाख स्वयंसेवक संध्याकाळी वस्त्यावस्त्यांत मुलांना घेऊन बसू लागले. पडद्याने जे सुटले ते माणसांनी सावरले. दोन्ही हवीत, पण माणूस आधी हवा.

मग आपण काय करायचे? माझ्या काही मागण्या आहेत.

आई-वडिलांना माझे सांगणे आहे, ‘अभ्यास झाला का’ असे मुलाला विचारू नका. ‘आज कोणाला काय शिकवलेस’ असे विचारा. मोबाइल द्यायचा तर दोन मुलांत एक द्या, म्हणजे तोंडे उघडतील.

शिक्षकांना माझे सांगणे आहे, उजळणीच्या आठवड्यात फळा मुलांच्या ताब्यात द्या. पण शिकवणारे मूल रोज बदला. हुशार मुलालाच नेहमी शिकवायला लावले तर शिकवण्याचा लाभही त्यालाच मिळेल आणि ज्याला खरी गरज आहे ते ऐकतच राहील.

या शहरात संगणकक्षेत्रात काम करणारी कितीतरी मराठी मुले-मुली आहेत. त्यांना माझी विनंती आहे, एक ‘न येणारा विद्यार्थी’ मराठीत घडवा, ज्याला आपल्या मुलांनी शिकवावे. तो खुल्या परवान्यावर ठेवा, आतली रचना सगळ्यांना पाहता येऊ द्या, म्हणजे उद्या एखादे तंत्र बंद पडले तरी दुसरा कोणी तो पुन्हा उभा करील. आणि तो बिनइंटरनेटचाही चालू द्या, म्हणजे मेळघाटातल्या मुलीलाही तो मिळेल.

आपल्या ग्रंथालयांना आणि मराठी संस्थांना माझे सांगणे आहे, पोथ्या जपता तसे शैक्षणिक खेळही जपा. ते या पिढीचे बालवाङ्मय आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याकडे माझी एकच मागणी आहे. परीक्षेच्या आधी जो धडा सगळ्यांत अवघड वाटतो, तो वाचत बसू नका. ज्याला तो तुमच्याहूनही अवघड वाटतो असा एक मित्र किंवा मैत्रीण शोधा आणि त्याला शिकवायला बसा. अडखळाल, रागावाल, पुस्तक उघडून पाहाल, पुन्हा सांगाल. तासाभराने तुम्हा दोघांनाही तो धडा आलेला असेल, आणि तुम्हाला तो कायमचा आलेला असेल.